२०५० सालचा जीडीपी: अंदाज शोधायचा कुठे आणि मानायचा किती?

२०५० पर्यंत भारत किती वाढेल याचे भरवशाचे अंदाज कुठे मिळतात आणि त्यातला कोणता धरावा, असं तुम्ही विचारलं आहे. मी महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. हा प्रश्न दर वर्षी वर्गात निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शोधणं सोपं आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा मुख्य अहवाल एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येतो, पण त्याची नजर पाच वर्षांपुढे जात नाही. ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेचे २०६० पर्यंतचे आकडे फुकट मिळतात आणि भारत सदस्य नसला तरी त्यात आहे. हवामानबदलाचे अभ्यासक तर २१०० पर्यंत जातात. त्यांच्या 'एसएसपी' (शेअर्ड सोशिओइकॉनॉमिक पाथवेज) मांडणीत एकच आकडा नसतो, जगापुढच्या पाच वेगळ्या वाटा असतात. मला हीच पद्धत सर्वांत प्रामाणिक वाटते.

पारखायचं असेल तर नव्या अंदाजाआधी जुना उघडा. गोल्डमन सॅक्स या अमेरिकन गुंतवणूक बँकेने २००३ मध्ये ब्राझील, रशिया, भारत आणि चीनचं २०५० पर्यंतचं चित्र मांडलं होतं. भारत डॉलरच्या हिशेबात जपानला २०३२ च्या सुमारास मागे टाकेल, असं त्यात होतं. आज दोघे जवळजवळ बरोबरीत आहेत, म्हणजे अंदाज वेळेआधीच खरा ठरतोय असं वाटेल. पण जपानकडे नीट बघा. २०१२ मध्ये त्याचा जीडीपी सहा लाख कोटी डॉलरच्या वर होता, २०२४ मध्ये चार लाख कोटींच्या आसपास. तिथलं उत्पादन काही एक तृतीयांशाने घटलं नाही. घसरला तो येन: तेव्हा डॉलरला साधारण ८० येन पडत, आता १५० च्या आसपास पडतात. ब्राझीलबद्दल तर अंदाज साफ चुकला. साडेतीन टक्क्यांच्या आसपास सरासरी वाढ धरली होती, आणि २०१५ व २०१६ ही सलग दोन वर्षं ती अर्थव्यवस्था तीन टक्क्यांहून जास्त आकसली.

म्हणून आकडा चालू डॉलरमधला (त्या-त्या वेळच्या किमती आणि विनिमय दराने) आहे, स्थिर किमतींचा (महागाई वगळून) आहे की क्रयशक्तीवर (त्या देशात पैशाने प्रत्यक्ष किती विकत घेता येतं यावर) बेतलेला, हे आधी बघा. बातम्यांमध्ये हे तिन्ही सर्रास एकत्र कालवलेले असतात, याचा मला खरंच त्रास होतो.

मग गृहीतकं. लोकसंख्येचा भाग बराच पक्का असतो, कारण २०५० मध्ये तिशीत असणारी माणसं आज जन्मलेली आहेत. उत्पादकता किती वाढेल हा मात्र कच्चा दुवा. लँट प्रिचेट आणि लॉरेन्स समर्स या अर्थतज्ज्ञांनी २०१४ मध्ये अनेक देशांचा इतिहास तपासून दाखवलं, की वेगवान वाढ फार काळ टिकत नाही, देश जागतिक सरासरीकडे परततात. कुणी २५ वर्षं सलग ८ टक्के धरले असतील तर त्याचं कारण मागा.

मागचे आकडेही बदलतात बरं का! २०१५ मध्ये आपल्याकडे जीडीपी मोजण्याची नवी मालिका आली आणि २०१३-१४ ची वाढ ४.७ वरून ६.९ टक्के झाली.

मी स्वतः भारताच्या वार्षिक वाढीसाठी ५ आणि ७ टक्के अशी दोन टोकं धरते. २५ वर्षांत पहिल्याने अर्थव्यवस्था सुमारे ३.४ पट होते, दुसऱ्याने ५.४ पट. तुम्हाला हे प्रबंधासाठी हवंय की निवृत्तीच्या गुंतवणुकीसाठी, ते कळवलंत तर कोणतं मोजमाप घ्यायचं हे नेमकं सांगता येईल.