जळगावहून दरमहा चार-पाच दिवस पुण्याला जावे लागते. सदस्यत्व न घेता हॉट योगाचा स्टुडिओ कसा निवडावा?

एकेका वर्गाचे पैसे भरून जाणार असाल, तर दर विचारण्याआधी खोलीचे तापमान, आर्द्रता आणि वर्गाचा कालावधी विचारा, आणि जो स्टुडिओ हे आकडे नेमके सांगू शकत नाही तो सोडून द्या. कारण ‘हॉट योगा’, म्हणजे तापवलेल्या खोलीतला योग, या नावाखाली बरेच काही चालते: बिक्रम पद्धतीत २६ आसनांचा ९० मिनिटांचा क्रम सुमारे ४० अंश सेल्सिअस तापमानात आणि ४० टक्के आर्द्रतेत होतो, तर इतर अनेक वर्ग त्याहून कमी उष्णतेत आणि तासाभरात आटोपतात. जळगाव-भुसावळचा मे महिना अंगवळणी पडलेल्या माणसाला हे आकडे किरकोळ वाटतात, आणि तिथेच फसगत होते. खान्देशातल्या कोरड्या उन्हात घाम लगेच उडून अंग निवते, दमट बंद खोलीत मात्र तो नुसता निथळत राहतो. मध्येच बाहेर जाऊ न देणारा वर्ग, कितीही नावाजलेला असला तरी, मी निवडणार नाही. दहा वर्गांचे पॅकेज स्वस्त दिसते, पण त्याची मुदत महिन्याभराचीच असेल तर तुम्हाला ते महाग पडेल. चटई आणि टॉवेलचे भाडे वेगळे आहे का, हेही विचारून घ्या. मात्र रक्तदाब, हृदयविकार किंवा गर्भारपण असेल, अथवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणत्याच तापवलेल्या वर्गाला जाऊ नका.