तळ्यातली पाण्याखालची झाडं काढली तर बारीक जीव वाढतात का कमी होतात?

बहुतेक वेळा कमीच होतात, निदान डाफ्नियासारखे (पाणपिसू, पाण्यात तरंगणारा बारीक कवचधारी जीव) जरा मोठे तरी. हायड्रिलासारख्या पाण्याखालच्या झाडांच्या गच्च जाळीत हे दिवसा माशांपासून लपून बसतात आणि अंधार पडला की मोकळ्या पाण्यात सूक्ष्म शेवाळ खायला निघतात, युरोपातल्या उथळ तळ्यांत यावर बराच अभ्यास झालाय. शिवाय पानांवरचा तो बुळबुळीत थर खाऊन जगणारे जीव वेगळेच. एक फांदी पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन झटका, उड्या मारणारे ठिपके दिसतील. फक्त आपल्याकडच्या कोमट पाण्यात बारके मासेही त्याच झाडीत घुसतात, त्यामुळे आसरा तितका पक्का नाही. आणि जलपर्णी यात धरू नका, ती तरंगते, दाट झाली की खालचा ऑक्सिजन घटतो.