फोड रंगाचा की धातूचा?

वडिलांनी जपलेल्या मर्सिडीज डब्ल्यू १९६ या शर्यतीच्या गाडीच्या १:१८ मापाच्या (खरीच्या अठराव्या हिश्शाएवढ्या) धातूच्या मॉडेलच्या बॉनेटवर बारीक फोड आलेत, दादरच्या आसपास कोणी रंगवून देईल का, असं तुम्ही विचारलंय. देणारे खूप भेटतील. पण रंगवून घेऊ नका.

आधी फोड कशाचा ते बघा. घड्याळवाले लावतात तसलं भिंग घ्या आणि बॅटरीचा उजेड आडवा पाडा. फोड टाचणीच्या डोक्याएवढे, गोल, आणि मधला पत्रा सपाट असेल तर बिघाड बहुतेक रंगापुरता आहे. कडांना जाळीसारख्या भेगा दिसल्या, किंवा पूर्वी अलगद बसणारं बॉनेट आता एका कोपऱ्यात अडायला लागलं, तर धातूच फुगतोय. ही मॉडेलं झामॅकची, म्हणजे जस्तात थोडं अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं. ओतताना त्यात शिसं मिसळलेलं राहिलं तर दमट हवेत धातू आतून तडकत जातो. संग्राहक याला 'झिंक पेस्ट' म्हणतात, जस्ताची कीड. कीड वगैरे काही नसते, शेजारच्या गाडीला लागतही नाही. पण सुरू झाली की औषध नाही. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या डिंकी या इंग्लिश कंपनीच्या खेळण्यातल्या गाड्यांत हा प्रकार फार.

आता रंगवू नका का म्हणतोय ते सांगतो. चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर मला एकदा निकी टॉइजची जॅग्वार डी-टाइप मिळाली. डिंकीचे जुने साचे कलकत्त्याला आले, त्यातून निघालेली ही गाडी. खरी डी-टाइप १९५५, ५६ आणि ५७ अशी सलग तीन वर्षं फ्रान्समधली ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकलेली, त्यामुळे मी हरखून गेलो. रंगाचे टवके उडाले होते म्हणून ओळखीच्या गॅरेजवाल्याकडून हिरवा स्प्रे मारून घेतला. चकाचक झाली! फक्त दारांच्या रेघा बुजल्या, पोटावरची अक्षरं भरून गेली. एका जाणत्या माणसाला दाखवली, त्याने उलटी करून पाहिली आणि काही न बोलता टेबलावर ठेवली. तेव्हा काय ते कळलं.

तुमच्या गाडीची चाकं झाकलेली असतील तर ती १९५४ च्या फ्रान्समधल्या रॅन्सच्या शर्यतीतली बॉडी, जिथे मर्सिडीजचे ड्रायव्हर फँजिओ पहिला आणि क्लिंग दुसरा आला. पुढे इंग्लंडात सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत त्या रुंद बॉडीतून कोपऱ्यांचा अंदाज येईना, फँजिओने वळणावर ठेवलेली पिंपं ठोकली. म्हणजे खऱ्या गाडीलाही पोचे आले होते! चंदेरी रंगावर बारीकसा फोडही उठून दिसतो, त्याने घाबरून जाऊ नका.

गाडी मूळ खोक्यात, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवली असेल तर आजच बाहेर काढा. कागद रंगाला चिकटून बसतो आणि आत दमट हवा कोंडते. बाथरूमच्या किंवा पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीला लागून असलेलं कपाट नको. काचेच्या कपाटात ओल शोषणारी निळी सिलिका जेल ठेवा, गुलाबी झाली की मंद आचेवर भाजून परत निळी करा (स्वयंपाकाची कढई नको, घरात भांडण होईल). पन्नास टक्क्यांच्या आसपास दमटपणा राहिला तरी पुष्कळ. जुलैत आपल्याकडे बाहेर ऐंशीच्या वर असतो. आणि आईने कितीही सांगितलं तरी डांबराच्या गोळ्या ठेवू नका, त्यांची वाफ प्लास्टिकच्या भागांना बाधते. मऊ टायर स्टँडच्या प्लास्टिकला चिकटून डाग पाडतात, म्हणून गाडी आसाखाली आधार देऊन किंचित उचलून ठेवा.

नवी मागवायचा विचार असेल तर खिसा बघा. आपण कितीही कलेक्टिबल म्हटलं तरी कस्टम्सच्या लेखी ते खेळणंच, आणि खेळण्यांवरचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०.

बॉनेट बंद करून चारही कोपऱ्यांचे जवळून फोटो टाका, मग बघू.