कामाकुरासाठी एक दिवस

प्रश्न : तोक्योच्या मुक्कामात एकच दिवस मोकळा आहे. कामाकुराची मंदिरे आणि समुद्रकिनारा, दोन्ही पाहून होईल का?

उत्तर : होईल, तोक्यो स्थानकावरून थेट गाडी सुमारे तासाभरात तेथे पोहोचते. मात्र बाराव्या शतकाच्या अखेरीस मिनामोतो नो योरितोमोने जेथे आपली लष्करी सत्ता उभारली, त्या या गावातील सगळीच मंदिरे पाहण्याचा हव्यास धरू नये. एनोदेन या चिमुकल्या रेल्वेने हासे येथे उतरून कोतोकुइन मंदिरातील तेराव्या शतकातली, सुमारे ११ मीटर उंचीची कांस्य बुद्धमूर्ती आधी पाहावी. भोवतालची वास्तू नष्ट झाल्यापासून ती उघड्या आकाशाखालीच विराजमान आहे आणि आमच्या मते तशीच अधिक शोभते. जवळच्या हासेदेरा मंदिराच्या सज्जातून समुद्र दिसतो, तर युइगाहामाचा किनारा तेथून चालत गाठता येतो.