माल्टची साखर चोथ्यातच राहते का?

प्रश्न : मागच्या वर्षी मुलाकडे जर्मनीला तीन महिने होतो, तिथं त्याच्यासोबत घरी बिअर करायला शिकलो, तीपण तयार अर्कातून नाही, थेट माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या) दाण्यापासून. इथं आल्यावर बार्ली माल्ट मागवलं. सव्वा किलो माल्ट गल्लीतल्या गिरणीत भरडून आणतो, बोअरच्या पाण्यात 66 डिग्रीला तासभर ठेवतो, पातेल्याला चादर गुंडाळतो, मग एकदाच गाळतो. 5 लिटर अर्क निघतो पण हायड्रोमीटर (अर्कात साखर किती ते दाखवणारी तरंगती काचेची नळी) 1.045 च्या वर जातच नाही, मुलाकडे याच मापात 1.055 यायचं. कुठं चुकतंय? आणि थोडी ज्वारी घातली तर?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आधीच सांगतो, महाराष्ट्रात लायसन्सशिवाय घरी बिअर करायला 1949 च्या दारूबंदी कायद्यानं मनाई आहे, त्यामुळं यीस्ट टाकल्यानंतरचं काही मला विचारू नका. पण तुमचा प्रश्न यीस्टच्या अलीकडचाच आहे, आणि तोवर ते नुसतं गोड पाणी असतं, उकळून गार करून लिंबू पिळलं तर झकास लागतं, तर तेवढ्यावर बोलू.

पहिली शंका मला तुमच्या माल्टवर नाही, रीडिंगवर आहे. हायड्रोमीटर बहुतेक 20 डिग्रीला जुळवलेला असतो, नळीतल्या कागदावर बघा लिहिलेलं असेल. आता सोलापुरात मे महिन्यात अर्क "गार झाला" म्हणजे किती, तर 40 डिग्री! गरम पाणी हलकं, हायड्रोमीटर जास्त बुडतो आणि आकडा कमी दिसतो, 40 ला साधारण 6 पॉइंटनी (1.045 म्हणजे 45 पॉइंट). म्हणजे तुमचं 1.045 खरं तर 1.051 असू शकतं. हिशोब असा, चांगल्या माल्टचे किलोला 300 पॉइंट धरायचे, सव्वा किलोचे झाले 375, भागिले 5 लिटर म्हणजे 75. त्यातले 45 मिळाले तर 60 टक्के, 51 मिळाले तर 68. अर्धं दुखणं इथंच गेलं. नमुना वाटीत घेऊन बर्फाच्या पाण्यात धरा, 20 ला आणा आणि मग मोजा.

उरलेलं बरंचसं गिरणीत अडकलंय. गिरणीवाल्याला भरड म्हटलं की तो लापशीचा रवा तरी काढतो नाहीतर दाणे नुसते चेपून देतो. दाण्याचे चार-सहा तुकडे व्हायला पाहिजेत आणि टरफल शक्यतो अख्खं राहिलं पाहिजे, कारण गाळताना तेच चाळणीचं काम करतं. पिठात एक अख्खा दाणा दिसला तर तो फुकट गेला समजा. पीठ जास्त झालं तर मात्र गाळण तुंबतं, मग पातळ कापडाची पिशवी वापरा (आपला सोलापुरी टॉवेल नको, तोच अर्धा लिटर पिऊन बसेल).

एकदाच गाळता तिथंपण साखर जाते. किलोभर माल्ट जवळपास लिटरभर पाणी धरून ठेवतं आणि ते पाणी गोड असतं. सुरुवातीला साडेतीन-चार लिटरच पाणी घ्या, राहिलेलं 75 डिग्रीला तापवून चोथ्यावर हळूहळू ओता, घाई नको, पण 77 च्या वर नेऊ नका नाहीतर टरफलाचा तुरटपणा उतरतो.

बोअरचं पाणी हे वेगळंच प्रकरण. आपल्याकडचं बोअर बहुतेक जड, क्षारामुळं माल्टचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जास्त तर आंबटपणा कमी) वर राहतो आणि तो 5.2 ते 5.6 मध्ये असला तरच स्टार्चची साखर नीट होते. एकदा आरओचा जार आणून करून बघा, फरक पडला तर पाणीच दोषी. तासानंतर बशीत थेंबभर अर्क घेऊन आयोडीन टाका, निळं-काळं झालं तर स्टार्च बाकी आहे, अजून अर्धा तास ठेवा. तो थेंब परत पातेल्यात टाकू नका म्हणजे झालं.

ज्वारी घाला की, मालदांडीच्या गावात राहून नाही कसं म्हणू, पण कोरडी नको. तिचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त उष्णतेला फुलतो, 66 ला ती तशीच बसून राहते. आधी कण्या शिजवतो तशी मऊ शिजवा, 66 पर्यंत निवू द्या, मग माल्टमध्ये मिसळा, आणि पहिल्यांदा दोनशे ग्रॅमच्या वर जाऊ नका.