चर्चच्या बोर्डवरचं साल खरं असतं का? वसई-मुंबईच्या जुन्या चर्चबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : दादरच्या पोर्तुगीज चर्चवर १५९६ लिहिलंय पण इमारत तर चक्क मॉडर्न दिसते, मग हे साल कशाचं?

ते साल इमारतीचं नाही, धर्मग्रामाचं, म्हणजे पॅरिशचं, एका चर्चला जोडलेल्या ख्रिस्ती वस्तीचं. सगळा घोळ इथेच होतो. आत्ताची इमारत वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी डिझाइन केली आणि ती १९७० च्या दशकात उभी राहिली. माहीमच्या सेंट मायकलचंही तसंच, मूळ सोळाव्या शतकातलं पण आजची वास्तू १९७३ ची, आणि वांद्र्याचं माउंट मेरी आज दिसतं ते १९०४ चं. चर्च पडतं, जळतं, लहान पडतं म्हणून पाडून मोठं बांधतात, पण पॅरिश तीच राहते. त्यामुळे कोणी "आमचं चर्च चारशे वर्षांचं" म्हटलं की आधी विचारा, भिंती चारशे वर्षांच्या की माणसं?

खरंच जुना दगड बघायचाय तर वसई किल्ल्यात जा, छप्पर नाही पण भिंती बऱ्याच शाबूत आहेत. आणि हो, वसईचा काळा दगड तेव्हा गोव्यालाही जायचा, तिथल्या बॉम जेझू चर्चच्या दर्शनी भागात तो वापरलाय.

प्रश्न : मेणवलीच्या देवळात चर्चची घंटा कशी आली?

१५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहने वसई पोर्तुगीजांना दिली, ती १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी जिंकली आणि विजयाची खूण म्हणून तिथल्या चर्चच्या घंटा वेगवेगळ्या देवळांत गेल्या. भीमाशंकर, नाशिकचं नारोशंकर आणि वाईजवळचं मेणवली ही त्यातली नावाजलेली ठिकाणं. मेणवलीच्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे आणि १७०७ साल, जवळ जाऊन बघाच. कॅथलिकांमध्ये नव्या घंटेला बिशप आशीर्वाद देतात आणि बोलीभाषेत त्याला घंटेचा बाप्तिस्माच म्हणायचे, म्हणजे या घंटा बाप्तिस्मा होऊन मग शंकराच्या सेवेला लागल्या. मला हे फार आवडतं, काही लोकांना राग येतो.

पण वसई पडली म्हणून पॅरिश संपल्या नाहीत, हे लोक विसरतात. तहात ख्रिस्ती लोकांना धर्म पाळायची मोकळीक होती. गोरे पाद्री बहुतेक निघून गेले, आणि मग गावोगावच्या मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), लग्नं, बाप्तिस्मे हे सगळं इथल्या आणि गोव्याच्या पाद्रींनी चालवलं.

प्रश्न : मुंबईत काही ठिकाणी दोन कॅथलिक चर्च अगदी जवळजवळ का?

सगळीकडे हेच कारण असेल असं नाही, पण बऱ्याचदा जुनं भांडण असतं. पोर्तुगालच्या राजाला इथले बिशप सुचवायचा हक्क होता, त्याला पाद्रोआदो म्हणतात. इंग्रजांना मुंबईत पोर्तुगीज पाद्री नको होते, म्हणून १७२० मध्ये त्यांनी पाद्रोआदोखालच्या फ्रान्सिस्कन संघाच्या पाद्रींना काढलं आणि प्रोपागांडा, म्हणजे धर्मप्रसाराचं काम बघणारं रोममधलं पोपचं खातं, त्याच्याकडून थेट आलेल्या कार्मेलाइट संघाच्या पाद्रींना आणलं. पुढे १७९४ पासून पाद्रोआदो आणि प्रोपागांडा या दोन्ही बाजूंना वेगवेगळी चर्च मिळाली, एकाच शहरात दोन बिशपांचा अधिकार, आणि कोणतं चर्च कोणाचं यावरून जोरदार तंटे. हे मिटायला १९२८ उजाडलं.

प्रश्न : वसईचे ख्रिस्ती लोक चर्चला देऊळ का म्हणतात?

कारण ते मराठीच बोलतात! कोळी आणि ईस्ट इंडियन (मुंबई-वसईकडचे मूळचे मराठी ख्रिस्ती) लोकांच्या तोंडी चर्चला इगर्जही ऐकाल, तो मात्र पोर्तुगीज शब्द.

प्रश्न : पणजोबांचा बाप्तिस्मा शोधायचाय, सुरुवात कुठून करू?

पॅरिश ऑफिसमधून. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने, म्हणजे कॅथलिक बिशपांच्या मोठ्या सभेने, १५६३ मध्ये लग्न आणि बाप्तिस्म्याची नोंद ठेवायचा नियम केला, त्यामुळे जुन्या पॅरिशमध्ये रजिस्टर असतंच, फक्त वाळवी, पाऊस आणि लढाया यातून किती वाचलं हा नशिबाचा भाग. आधी फोन करून फादरांची वेळ घ्या, रविवारी मिस्सा सुटल्यावर अजिबात गाठू नका, तेव्हा त्यांच्यामागे आधीच दहा माणसं असतात. जुन्या नोंदी पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये असतात, म्हणजे घरात जॉन म्हणत असले तरी तिथे जुआंव किंवा जोआनेस सापडेल. पाद्रिन्यो म्हणजे धर्मपिता आणि माद्रिन्या म्हणजे धर्ममाता, ही दोन नावं नक्की उतरवून घ्या कारण ती बहुतेक वेळा नात्यातली किंवा शेजारची असतात, आणि एकाच आडनावाची दहा घरं असलेल्या गावात आपलं घर कोणतं हे त्यांच्यावरूनच कळतं. साल माहीत नसेल तर पणजोबांच्या लग्नाची नोंद आधी बघा, तिथे आईवडिलांची नावं मिळतात.