‘स्पष्ट’, ‘उघड’ की ‘सहज सुचण्याजोगे’?

पावडर कोटिंगमधील (भुकटी भट्टीत भाजून दिलेल्या रंगाच्या थरातील) हार्डनरवरच्या, म्हणजे थर कडक करणाऱ्या घटकावरच्या, एका पेटंट वादाचा गोषवारा मराठीत आणताना एका वाचकाने ‘हा हार्डनर वापरणे स्पष्ट होते, म्हणून पेटंट रद्द व्हावे’ असे वाक्य लिहिले आहे आणि ‘ऑब्व्हियस’ (जाणकाराला सहज सुचेल असा, म्हणून पेटंट न मिळणारा) या इंग्रजी शब्दासाठी येथे ‘स्पष्ट’ योग्य की ‘उघड’, असे विचारले आहे. माझ्या मते येथे दोन्ही शब्द टाळावेत, कारण पेटंटच्या व्यवहारात ते आधीच दुसऱ्या अर्थांसाठी लागतात.

‘स्पष्ट’चा निकाल लवकर लागतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यातील कलम १० नुसार अर्जातील दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क हवा हे सांगणारी वाक्ये, स्पष्ट आणि मोजक्या शब्दांत असावे लागतात. तोच शब्द ‘ऑब्व्हियस’साठी वापरला, तर दावा स्पष्ट आहे म्हणून ग्राह्य आणि शोध स्पष्ट आहे म्हणून अग्राह्य, असा गोंधळ एकाच पानावर उभा राहील.

‘उघड’ अधिक फसवा आहे. ‘गुपित उघड झाले’ यात माहिती बाहेर आल्याचे विधान असते. ‘त्याची चूक उघडच आहे’ यात ‘च’मुळे आपण निष्कर्ष सांगत असतो. बोलताना हा ‘च’ भेद सांभाळतो, पण ‘उघड शोध’ असे विशेषण केले की तो गळून पडतो आणि शोध आधी कुठे तरी प्रसिद्ध झाला होता, असाच अर्थ लागतो. तो आक्षेप नावीन्याचा असतो. युरोपीय पेटंट करारात नावीन्य अनुच्छेद ५४ मध्ये आणि कल्पकता, म्हणजे शोध ‘ऑब्व्हियस’ नसणे, अनुच्छेद ५६ मध्ये अशी वेगळी सांगितली आहे. आपल्याकडेही कलम २५ मध्ये या दोन्ही गोष्टी विरोधाची स्वतंत्र कारणे म्हणून येतात.

वाचकाच्या विषयातच हा फरक नीट दिसतो. कार्बॉक्सिल गट (हार्डनर ज्याला जोडला जातो तो आम्लधर्मी अणुगट) असलेल्या पॉलिएस्टर पावडरसाठी टीजीआयसी हा हार्डनर दीर्घकाळ वापरात होता. टीजीआयसीमुळे जनुकीय हानीचा धोका संभवतो हे पुढे आल्यावर युरोपात बीटा-हायड्रॉक्सिअल्किलअमाइड, म्हणजे एचएए, हा पर्याय रुळला. समजा, एखाद्या पेटंटात विशिष्ट पॉलिएस्टर आणि विशिष्ट एचएए यांच्या जोडीवर दावा आहे. ही जोडी आधीच्या एखाद्या लेखात जशीच्या तशी छापलेली असेल, तर नावीन्यच संपले. पॉलिएस्टर एका लेखात आणि एचएए दुसऱ्या लेखात असेल, तरच ती जोडी जाणकाराला सुचली असती का, हा प्रश्न उरतो. दोन्ही हार्डनर कार्बॉक्सिल गटाशीच जोडले जातात, तेव्हा एकाच्या जागी दुसरा घेण्यात विशेष ते काय, असे विरोधक म्हणेल. त्यावर पेटंटधारक उत्तर देईल की टीजीआयसीच्या अभिक्रियेत पाणी सुटत नाही, एचएएच्या अभिक्रियेत मात्र सुटते, त्यामुळे जाड थर भट्टीत भाजताना वाफेने फोड आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रे पडतात, आणि म्हणून जाणकार या वाटेला गेलाच नसता.

युरोपीय पेटंट कार्यालयात येथे जो भेद करतात, तो मराठी क्रियापदे सुरेख पेलतात. जाणकार हार्डनर ‘बदलू शकला असता’ एवढे दाखवून भागत नाही; सुधारणेच्या अपेक्षेने त्याने तो ‘बदललाच असता’ हे दाखवावे लागते. अनुवादात हे दोन प्रयोग एकमेकांच्या जागी पडले, तर वादाचा कणाच मोडतो. शोध समोर आल्यावर तो सोपा वाटतो, त्या मागाहूनच्या शहाणपणाला आवर घालण्यासाठीच ही कसोटी आहे.

म्हणून मी ‘सहज सुचण्याजोगे’ सुचवतो आणि वाचकाचे वाक्य असे लिहीन: ‘पॉलिएस्टरसोबत हा हार्डनर वापरणे या क्षेत्रातील जाणकाराला सहज सुचण्याजोगे होते, म्हणून पेटंट रद्द व्हावे.’ शब्द लांबतो खरा, पण कोणाला सुचण्याजोगे, हे सांगणे त्यामुळे भाग पडते आणि कायद्यालाही तेच हवे असते. तेथे ‘तज्ज्ञ’ मात्र लिहू नये. कायद्याला अभिप्रेत असलेली ही कल्पित व्यक्ती आपल्या क्षेत्रातले सर्व प्रसिद्ध साहित्य जाणते, पण स्वतः कल्पक नसते, आणि ‘तज्ज्ञ’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांसमोर नवे शोध लावणारा माणूस येतो. नामाची गरज भासली, तर ‘कल्पकतेचा अभाव’ पुरेसे आहे.